"दादा, पिल्लू बारीक दिसतंय, काहीतरी द्या" – मोठ्या जातीच्या पिल्लाचं खाणं आणि आपलं काउंटर



पेट शॉप सुरू करायचंय म्हणणारे बहुतेक जण मला आधी मार्जिन विचारतात. कुठल्या फूडवर किती सुटतात, डिस्ट्रिब्युटर उधारी किती दिवस देतो, पट्टा-साखळीत जास्त सुटतं की शॅम्पूत. ते सगळं आपण घेणार आहोत, त्याचे वेगळे व्हिडिओ आहेत. आज मात्र एकाच वाक्याबद्दल बोलू. तुम्ही दुकान उघडलं की हे वाक्य आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकाल: "दादा, पिल्लू बारीक दिसतंय, काहीतरी द्या."

हे ऐकून तुम्ही रॅककडे हात नेता त्या दोन सेकंदांत तुमचं दुकान कसं चालणार हे बरंचसं ठरतं. मी स्वतः त्या दोन सेकंदांत चुकलोय. आधी तेच सांगतो.

दुकान सुरू करून वर्षभर झालं असेल. बीबीए करताना शिकलेलं 'बिल व्हॅल्यू वाढवा' डोक्यात पक्कं बसलं होतं. एक निवृत्त शिक्षक काका नातवासाठी घेतलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेऊन आले. दोन महिन्यांचं, अगदी गुटगुटीत. नाव शेरू. "याला चांगलं तगडं करायचंय," काका म्हणाले. मी पपी फूड दिलं, त्यासोबत कॅल्शियमचं सिरप, वाढीची पावडर आणि वरून सल्ला: "काका, वाढीचं वय आहे, मागेल तेवढं घाला." बिल मोठं झालं. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला बोलू.

काका दर महिन्याला येत, सिरपची नवी बाटली नेत. पाचव्या महिन्यात शेरू सत्तावीस किलोचा झाला होता. बघणारे म्हणायचे, काय तब्येत आहे! मग तो पुढच्या पायाने लंगडायला लागला. काकांनी त्याला शहरात डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे काढले. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: वजन उतरवा आणि कॅल्शियम आजच बंद करा. मग विचारलं, हे सुरू कुणी केलं?

आठवड्याने काका दुकानात आले. मला वाटलं आता भांडण होणार. त्यांनी अर्धी राहिलेली बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "हे राहू दे तुझ्याकडं. पैसे नकोत. फक्त दुसऱ्या कुणाला न विचारता देऊ नकोस."

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर शेरूचा सांधा आनुवंशिकतेने किती बिघडला आणि माझ्या सल्ल्याने किती, हे कुणीच वेगळं करून सांगू शकत नाही. लॅब्रॅडॉरमध्ये कोपर आणि खुब्याचे त्रास रक्तातूनही येतात. पण जो भाग आपल्या हातात होता, तो मी चुकवला होता. त्यानंतर मी वाचायला बसलो, ओळखीच्या दोन व्हेटरनरी डॉक्टरांना त्रास देऊन देऊन विचारलं. खाली लिहिलंय ते त्यातून आलेलं आहे.

मोठी जात म्हणजे कुठली, आणि ती वेगळी का

पूर्ण वाढ झाल्यावर साधारण पंचवीस-तीस किलोच्या वर जाणारं कुत्रं आपण मोठ्या जातीत धरू. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन. त्याच्याही वर ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड. आपल्याकडे गावोगाव लॅब आणि जर्मन शेफर्डच जास्त, त्यामुळे तुमच्या दुकानात येणारी बरीच पिल्लं याच गटातली असतील.

यांचं वैशिष्ट्य एकच, वाढीचा वेग. जन्मताना अर्धा किलोच्या आसपास असलेलं पिल्लू वर्ष-दीड वर्षात तीस किलो होतं. स्नायू आणि चरबी पटकन वाढते, पण हाडांच्या टोकांची वाढ व्हायला, कुर्च्याचं पक्कं हाड व्हायला वेळ लागतो. लॅबला बारा ते अठरा महिने, अतिमोठ्या जातींना दोन वर्षांपर्यंतही. या काळात वजन पुढे पळालं आणि हाड मागे राहिलं, की सगळा भार कच्च्या सांध्यावर. कच्च्या पिलरवर दुसरा स्लॅब टाकल्यासारखं.

ग्राहकाची भीती नेमकी उलटी असते. "कमी घातलं तर उंची खुंटेल ना?" त्याला शांतपणे सांगा: संतुलित आहार योग्य प्रमाणात दिला, तर पिल्लू थोडं सावकाश वाढतं, पण शेवटी पोचतं तिथेच, जेवढं त्याच्या आईबापांनी दिलंय तेवढ्यावर. जास्त खाऊ घालून कुत्रं मोठं होत नाही, फक्त लवकर जड होतं.

याला भक्कम आधार आहे. अमेरिकेत प्युरिना कंपनीने ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर अभ्यास केला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या. आठ आठवड्यांपासून जोडीतल्या एकाला जेवढं दिलं, त्यापेक्षा दुसऱ्याला २५ टक्के कमी. फूड तेच. हा अभ्यास त्यांच्या मरणापर्यंत चालला आणि २००२ साली आयुर्मानाचे आकडे प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३.० वर्षं. कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्याच्या सांध्याचा बिघाडही कमी होता आणि सांधेदुखीच्या औषधाची गरज बरीच उशिरा लागली. फूड विकणाऱ्या कंपनीनेच 'कमी खाऊ घाला' हे सिद्ध केलं, हे मला भारी वाटतं.

कॅल्शियमचं काय

आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त गैरसमज याचाच. माणसांच्या घरात 'वाढतं वय – कॅल्शियम' हे समीकरण इतकं घट्ट आहे की ते पिल्लालाही लावलं जातं.

मोठ्या कुत्र्याच्या शरीरात कॅल्शियम जास्त आलं, तर आतडं ते कमी शोषतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे नीट जमत नाही. तुम्ही जेवढं जास्त घालाल, त्याचा मोठा हिस्सा शरीरात जातोच. हॉलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर यासंबंधी काम झालं. जास्त कॅल्शियम दिलेल्या पिल्लांची हाडं मजबूत होण्याऐवजी त्यांच्या वाढीत दोष आले.

म्हणून फूडच्या मानकांत मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वरची मर्यादा वेगळी आहे. अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या मानकात, पूर्ण वाढीला ७० पौंड म्हणजे साधारण ३२ किलो किंवा त्याहून जास्त होणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी कॅल्शियम कोरड्या भागाच्या १.२ ते १.८ टक्के असावं लागतं. इतर पिल्लांना वरची मर्यादा २.५ टक्के चालते. लॅब त्या रेषेवर येतो, मी त्याला मोठ्यातच धरतो. शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण एकास एक ते दोनास एक यांच्यामध्ये हवं. नुसतं कॅल्शियमचं सिरप ओतलं की हेही बिघडतं.

'कोरड्या भागाच्या' हा शब्द सोडू नका. पिशवीवर लिहिलेला टक्का हा ओलाव्यासकट असतो. हिशोब सोपा: पिशवीवरचा कॅल्शियमचा आकडा भागिले (१०० वजा ओलावा) गुणिले १००. समजा लिहिलंय कॅल्शियम १.३, ओलावा १०. तर १.३ भागिले ९० गुणिले १०० म्हणजे १.४४. बसतं. दुसऱ्या पिशवीवर १.८ आणि ओलावा १० असेल, तर येतात २.०. पिशवीवर कितीही गोंडस पिल्लू छापलेलं असो, मी हे फूड लॅबसाठी देत नाही. आणि काही पिशव्यांवर 'किमान १ टक्का' एवढंच लिहितात. किमान कळून उपयोग नाही, आपल्याला कमाल हवी. कंपनीच्या प्रतिनिधीला विचारा. उत्तर देता आलं नाही तर तेही एक उत्तरच.

आता याची दुसरी बाजू, कारण अर्धवट ज्ञान घेऊन तुम्ही उद्या सगळ्यांचंच कॅल्शियम बंद कराल. जे घर पिल्लाला फक्त भात, बोनलेस चिकन आणि चपातीवर वाढवतंय, त्या पिल्लाला कॅल्शियम खरंच कमी पडतं. मांसात आणि भातात ते फारच थोडं असतं. शरीर मग ते स्वतःच्या हाडातून काढतं, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. अशा पिल्लाला कॅल्शियम लागतं, पण किती हे डॉक्टर ठरवणार. म्हणजे वाकडे पाय घेऊन आलेल्या दोन पिल्लांपैकी एकाला कॅल्शियम जास्त झालेलं असू शकतं आणि दुसऱ्याला कमी पडलेलं. काउंटरवर उभं राहून ते कळत नाही. एक्स-रे लागतो. म्हणून माझा नियम: वाकडा पाय, लंगडणं, उठताना कण्हणं यापैकी काहीही दिसलं की विक्री शून्य. डॉक्टरचा पत्ता लिहून देतो, बास.

प्रोटीनबद्दलही विचारतात. 'जास्त प्रोटीनने हाडं बिघडतात' ही जुनी समजूत आहे. ग्रेट डेनच्या पिल्लांवर तेही तपासलं गेलंय आणि प्रोटीनवर दोष आला नाही. दोष जास्त कॅलरीचा आणि जास्त कॅल्शियमचा.

किती घालायचं? मोबाईल काढा

पिशवीवरचा तक्ता ही फक्त सुरुवात असते, आणि तक्ता वापरताना लोक एक ठरलेली चूक करतात. काही तक्ते पिल्लाच्या आजच्या वजनावर असतात, काही पूर्ण वाढ झाल्यावरच्या वजनावर. आधी ते वाचा.

मी स्वतः हिशोब करतो. पिल्लाचं वजन घ्या. त्याला त्याच संख्येने दोनदा गुणा, मग दोन वेळा वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा, किलोकॅलरीत. चार महिन्यांपर्यंत हिच्या साधारण तिप्पट, चार महिन्यांनंतर साधारण दुप्पट. यातून फक्त सुरुवात कुठून करायची ते कळतं. पुढे पिल्लाच्या अंगाकडे बघून कमी-जास्त करायचं.

उदाहरण घेऊ. साडेचार महिन्यांचं लॅब, वजन १४ किलो. १४ गुणिले १४ गुणिले १४ म्हणजे २७४४. वर्गमूळ ५२.४, पुन्हा वर्गमूळ ७.२४. गुणिले ७० म्हणजे साधारण ५०७. दुप्पट, १०१४. म्हणजे दिवसाला हजारएक किलोकॅलरी. फूड १०० ग्रॅमला ३७० किलोकॅलरीचं असेल, तर साधारण २७५ ग्रॅम. पूर्ण दिवसाचं.

आता याच पिल्लाच्या घरी खरं काय चाललंय ते विचारा. मी एका ताईंना विचारलं तेव्हा उत्तर आलं, "तीनशे ग्रॅमच देतो हो सर, मोजून." मग हळूहळू बाकीचं निघालं. सकाळी-संध्याकाळी मिळून अर्धा लिटर म्हशीचं दूध. दोन अंडी. सासूबाई चहाबरोबर देतात ती सहा बिस्किटं. जेवताना पोरांच्या ताटातून दोन चपात्या. मी काउंटरवरच मांडलं: फूड १११०, दूध जवळपास ५००, अंडी १५०, बिस्किटं १५०, चपात्या २००. बेरीज २११०. गरजेच्या दुप्पट! आणि त्या आलेल्या कशासाठी, तर भूक वाढायचं टॉनिक घ्यायला, कारण "हा वाटीतलं फूड खातच नाही."

पोट भरलेलं असताना कोण खाईल?

इथे टॉनिक विकणं सोपं होतं. मी बिस्किटं बंद करायला आणि दूध आठवडाभरात हळूहळू शून्यावर आणायला सांगितलं. दूध तुटलेल्या पिल्लांना दुधातली साखर नीट पचत नाही, बऱ्याच जुलाबांचं मूळ तेच असतं. चपाती हट्टाने द्यायचीच असेल तर चिमूटभर. फूड सोडून बाकीचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या एक दशांशापेक्षा जास्त नको. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, आणि शिजवलेली हाडंही नाहीत. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून एक युक्ती सांगितली: सकाळी मोजलेल्या फूडमधलेच वीस दाणे एका डबीत काढून त्यांच्याकडे द्या, चहाच्या वेळी त्यांनी तेच द्यायचे. पिल्लाला हातातून मिळाल्याशी मतलब.

पिशवीवर कॅलरी लिहिलेलीच नसेल तर? तेही काढता येतं. १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख वजा करा, उरतं ते पिष्ट. राख लिहिलेली नसेल तर ८ धरा. मग प्रोटीन गुणिले ३.५, फॅट गुणिले ८.५, पिष्ट गुणिले ३.५, तिघांची बेरीज. प्रोटीन २६, फॅट १२, फायबर ४, ओलावा १०, राख ८ असेल तर पिष्ट ४०. बेरीज ९१ अधिक १०२ अधिक १४०, म्हणजे ३३३ किलोकॅलरी १०० ग्रॅमला.

हा हिशोब आला की तुम्हाला विक्रीचं एक चांगलं हत्यार मिळतं. ग्राहक पिशवीच्या किमती बघतो. १० किलोची एक पिशवी ३००० ची, १०० ग्रॅमला ३४० किलोकॅलरी. दुसरी ३६०० ची, ३९० किलोकॅलरी. पहिली सहाशेने स्वस्त दिसते. पण हजार किलोकॅलरीला पहिली ८८ रुपये पडते आणि दुसरी ९२. दिवसाला चार रुपयांचा फरक. हे कागदावर मांडून दाखवा आणि त्याला ठरवू द्या. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या भागातल्या किमती टाका.)

अजून एक गंमत. सहा महिन्यांचं वीस किलोचं पिल्लू या हिशोबाने दिवसाला साधारण १३२५ किलोकॅलरी मागतं. तेच पुढे तीस किलोचं मोठं कुत्रं झालं, की साधारण १४३५. म्हणजे सहाव्या महिन्यानंतर वाटी फारशी वाढतच नाही! लोक मात्र दर महिन्याला मूठभर वाढवत जातात, आणि लॅबसारखं हावरट कुत्रं कधी नको म्हणत नाही. त्यात नसबंदी झाली की गरज आणखी कमी होते, हे तर फारच थोड्यांना माहीत असतं.

किती वेळा? चार महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, सहापर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. वाटी दिवसभर भरून ठेवायची नाही. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं तर ठीक, नाहीतर उचलायची.

काटा खोटं बोलत नाही, पण हात जास्त सांगतो

माझ्या दुकानातली सगळ्यात फायद्याची गुंतवणूक म्हणजे दारातला प्लॅटफॉर्म काटा. ज्यावर पार्सल तोलतात तसला. पिल्लाचं वजन फुकट करून देतो, दर पंधरा दिवसांनी. वर रबरी चटई टाकलीय, नाहीतर पिल्लं घसरतात आणि पुन्हा चढत नाहीत. घरी करायचं असेल तर माणसाने पिल्लू उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, वजाबाकी.

वजनाबरोबर बरगड्या तपासायला शिकवा. ही पद्धत ग्राहक आयुष्यभर विसरत नाही: मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं गाठींवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर पिल्लू बारीक. आता हात सरळ पसरा, पंजाच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवा. असं लागलं तर अगदी बरोबर. तळव्याच्या गादीसारखं लागलं तर जाड. मग वरून बघा, बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने बघा, पोट मागे वर चढलेलं हवं. डॉक्टर लोक नऊ गुणांच्या पट्टीवर हे मोजतात, चार-पाच म्हणजे योग्य. मोठ्या जातीच्या पिल्लाला मी चारकडे झुकलेलंच ठेवायला सांगतो.

अडचण ही की आपल्याकडे चार गुणांचं पिल्लू शेजाऱ्यांना 'उपाशी' वाटतं. ताई दुकानात खूश होऊन जातात आणि सोसायटीच्या गेटवर कुणीतरी म्हणतं, "अगं, खायला घालत नाही का याला?" की सगळं मुसळ केरात. म्हणून मी त्यांच्या मोबाईलमध्येच पिल्लाचा वरून आणि बाजूने फोटो काढून देतो, तारखेसकट. पुढच्या वेळी आधीचा फोटो शेजारी ठेवून दाखवायचा.

खरंच बारीक पिल्लू आलं, गाठींसारख्या बरगड्या लागल्या, तर आधी विचारा: जंताचं औषध कधी दिलं? जुलाब आहेत का? वय किती? कित्येक पिल्लं पस्तीस-चाळीस दिवसांची असताना आईपासून तोडून विकलेली असतात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तरी हे चालतं. (मी पिल्लं विकत नाही. तो वेगळा विषय, वेगळी डोकेदुखी.) असं पिल्लू डॉक्टरकडे, लगेच. फूड वाढवून जंत जात नाहीत.

मोजायला वाटी दिलीत तर त्यावर मार्करने रेघ मारून द्या, आणि ती रेघ ग्राहकाच्या फूडचीच असावी. एका ब्रँडचे दाणे हलके, दुसऱ्याचे जड, त्यामुळे तीच वाटी कधी ८० ग्रॅम भरते, कधी ११०. ब्रँड बदलला की रेघ बदला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर उत्तमच.

सुटं फूड किलोवर विकायचं का, हेही विचारतात. खेड्यात मागणी असते, मला माहीत आहे. पण सुट्यावर लेबल नाही, कॅलरी नाही, कॅल्शियम नाही, मुदत नाही. मग वरचा सगळा पाठ पाण्यात. पावसाळ्यात तर दमट हवेने बुरशीची भीती. मी लहान पिशव्या ठेवतो. ग्राहकालाही सांगतो, पिशवी उघडली की महिनाभरात संपेल एवढीच न्या, आणि मूळ पिशवीसकट डब्यात ठेवा.

मग धंद्याचं काय

कुणीतरी नक्की म्हणेल, सर, कमी खायला सांगितलं, सिरप विकलं नाही, मग कमावणार काय?

मांडू. जो दिवसाला ४०० ग्रॅम घालत होता तो २७५ वर आला, म्हणजे महिन्याला पावणेचार किलो फूड कमी गेलं. सिरपची बाटली गेली. हे नुकसान खरं आहे, मी ते झाकत नाही. माझी पहिल्या महिन्याची बिलं आजही शेजारच्या दुकानापेक्षा लहान असतात. पण तेच पिल्लू मोठं झाल्यावर महिन्याला साडेअकरा किलोच्या आसपास खाणार आहे, दहा-बारा वर्षं. सांधे धरलेलं कुत्रं ग्राहकाने हौसेने पुन्हा घेतलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी वजनाला आलेला माणूस मात्र रिकाम्या हाताने क्वचितच जातो. त्याला दात घासायचं, गोचीड, उन्हाळ्यात पाण्याचं भांडं, काहीतरी लागतंच. आणि डॉक्टर तुमच्याकडे माणूस पाठवायला लागतात, हे जाहिरातीने विकत मिळत नाही.

सिरपबाबत माझी आताची पद्धत सांगतो. रॅकवर ठेवलेलं नाही, आत कपाटात आहे. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर काढतो. ग्राहक चिडतो, "पलीकडे मिळतं की!" मिळतं, खरंय. मी म्हणतो, घ्या की काका, पण आधी फूडची पिशवी आणि सिरपची बाटली दोन्ही डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्याचं वजन करून जा. दहातले सहा-सात जण वजनाला थांबतात. बाकीचे पलीकडे जातात.

शेरूचे काका अजून येतात. शेरूचं वजन उतरलं, लंगडणं गेलं, थंडीत सकाळी उठताना मात्र तो पाय जरा जपून टाकतो. काका माझ्याकडून फूड नेतात. पिशवी उलटी करून कॅल्शियमचा आकडा माझ्याआधी तेच वाचतात.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानातल्या, किंवा दुकान अजून नसेल तर जवळच्या दुकानातल्या, पपी फूडच्या तीन पिशव्यांच्या मागचा फोटो काढा. तिन्हींचं कोरड्या भागातलं कॅल्शियम, १०० ग्रॅमची कॅलरी आणि हजार किलोकॅलरीची किंमत वहीत मांडा. त्यातली लॅबच्या पिल्लाला कुठली द्याल आणि कुठली नाही, तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत काट्यावर पिल्लू न घाबरवता कसं उभं करायचं आणि वजनाचं कार्ड कसं छापायचं ते दाखवतो. कार्डासाठी शेरूच्या पहिल्या वर्षाचे आकडे वापरायला काकांनी परवानगी दिलीय.